पालाशचा १९ आणि खताच्या पिशवीवरचा १९: दोन्ही एकच का?

ठिबकवाल्या शेतकऱ्यांना १९:१९:१९ हे विद्राव्य खत तोंडपाठ असतं. शाळेच्या पुस्तकात पालाशचा, म्हणजे पोटॅशियमचा, अणुअंकही १९च. पण हा निव्वळ योगायोग. पिशवीवरचे आकडे टक्केवारीचे (स्फुरद-पालाशचे तर ऑक्साइडच्या हिशोबानं). अणुअंक म्हणजे अणूच्या केंद्रकात किती प्रोटॉन आहेत तो आकडा. नत्राचा ७, स्फुरदाचा १५, पालाशचा १९.

प्रोटॉनवर धन प्रभार, बाहेरच्या इलेक्ट्रॉनवर तितकाच ऋण. अणू उदासीन असेल तर हिशोब चुकता: १९ प्रोटॉन, १९ इलेक्ट्रॉन. मात्र असा उदासीन पालाश शेतात सापडायचा नाही. तो मऊ, चकाकता धातू. पाण्यात टाकला की पेट घेतो! खतातल्या पालाशनं एक इलेक्ट्रॉन आधीच सोडलेला असतो. उरले १८. अणुअंक १८ तर अरगॉन वायूचा, मग पालाशचा अरगॉन झाला का? नाही. प्रोटॉन अजून १९च आहेत, म्हणून तो पालाशच.

एक इलेक्ट्रॉन कमी म्हणून हा पालाश धन प्रभाराचा. चिकणमातीचे कण ऋण प्रभाराचे, ते त्याला धरून ठेवतात. नायट्रेटच्या रूपातलं नत्र मात्र स्वतःच ऋण. माती त्याला धरत नाही, जोराच्या पावसात ते मुळांच्या खाली निघून जातं. युरिया एकदम न टाकता हप्त्यांनी द्यायला सांगतात, त्याचं एक मोठं कारण हेच.