बुलेटची टकटक

कुर्डुवाडीच्या माणसाला चाकाचा उपयोग शिकवायला नको. १८९७ साली इथून बार्शीला छोटी रेल्वे निघाली. तिच्या दोन रुळांत अंतर होते फक्त अडीच फूट. आता ती छोटी लाइन राहिली नाही, रुंद रूळ आले. पण ओझे फरफटत नेण्यापेक्षा चाकावर नेलेले बरे, हे इथे पोरासोरांनाही ठाऊक आहे. मोटारसायकलच्या इंजिनाच्या पोटातही हेच तत्त्व चालते. ते कसे, ते पाहू.

आपल्याकडे बुलेट पुष्कळ. दुधाच्या किटल्या बांधून कच्च्या वाटेने जाणारीही असते. १९५५ साली मद्रासेत या गाडीच्या कंपनीची सुरुवात झाली. तिचा आवाज लांबूनच ओळखू येतो. त्या आवाजात कधी कधी 'टक टक टक' असा दुसरा बारीक आवाज मिसळतो. मग मालकाच्या मनात पाल चुकचुकते. मिस्त्री म्हणतो, "टॅपेट वाजतंय."

टॅपेट म्हणजे काय?

इंजिनाच्या डोक्यात दोन झडपा असतात. एकीतून हवा आणि पेट्रोल आत येते. दुसरीतून धूर बाहेर जातो. या झडपांना वाल म्हणतात. वाल वेळेवर उघडला पाहिजे आणि घट्ट मिटला पाहिजे. हे काम कॅम करतो. कॅम म्हणजे फिरत्या दांडीवरचे टेंगूळ. टेंगूळ वर आले की ते टॅपेटला उचलते. टॅपेट वरच्या सळईला ढकलते. ही सळई म्हणजे पुशरॉड. सळई रॉकरचे एक टोक वर उचलते. पहारीने दगड उचलताना एक टोक खाली गेले की दुसरे वर येते ना? तसेच रॉकरचे दुसरे टोक खाली जाते आणि वाल उघडतो. टेंगूळ पुढे सरकले की स्प्रिंग वालाला पुन्हा मिटवते.

गाडी जागेवर उभी राहून हळू चालत असेल, इंजिन मिनिटाला हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक वाल मिनिटाला पाचशे वेळा उघडतो. रस्त्यावर चार हजार फेरे झाले की दोन हजार वेळा. इतक्या वेळा टेंगूळ टॅपेटला उचलते. मग झीज होणारच.

जुन्या बुलेटमध्ये टॅपेटचा पाय सपाट असतो. तो टेंगळावर घासत चालतो. घासताना तो स्वतःभोवती हळूहळू फिरतोही. त्यामुळे सगळा पाय सारखा झिजतो. तो फिरायचा थांबला, की एकाच जागी खड्डा पडतो. या गाडीत टॅपेट हाताने बसवावे लागते. इंजिन पुरते थंड हवे. पिस्टन वर आणून दोन्ही वाल मिटलेले ठेवायचे. मग पुशरॉड बोटांच्या चिमटीत सहज फिरली पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये.

सैल टॅपेट वाजते. वाल पुरता उघडत नाही, गाडीची ताकद कमी होते. पण खरा घात करते ते घट्ट टॅपेट. ते वाजत नाही. वाल पुरता मिटत नाही, फटीतून जाळ निसटतो, आणि वाल जळतो. म्हणून आवाज बंद करण्यासाठी टॅपेट आवळणारा मिस्त्री चांगला मिस्त्री नव्हे.

चाक लावलेले टॅपेट

२००८ सालापासून कंपनीने नव्या जातीचे इंजिन आणले. त्यात इंजिन आणि गिअरची पेटी एकाच घरात आली. बुलेटलाही पुढे तेच इंजिन लागले. त्यात टॅपेटच्या पायाला एक छोटे चाक आहे. त्याला रोलर म्हणतात. ओंडका फरफटत नेणे आणि गाड्यावर घालून नेणे, एवढा फरक झाला. रोलर घासत नाही, टेंगळावरून फिरत जातो. १९६२ साली अमेरिकेतून आपल्या रेल्वेसाठी जी डब्ल्यूडीएम-दोन जातीची डिझेल इंजिने आली, त्यांच्याही कॅमवर रोलरच फिरत असत.

दुसरी सोय अशी की या टॅपेटच्या पोटात तेल भरते. मध्ये फट पडली तर तेलाच्या जोरावर टॅपेट आपले आपण ती भरून काढते. त्यामुळे आवळण्याचा स्क्रूच नाही. कुणी म्हणाले, "टॅपेट आवळून देतो," तर जरा विचारा, बाबा रे, आवळणार काय? (२०२३ सालापासूनच्या बुलेटचे इंजिन पुन्हा वेगळे आहे. त्यात कॅमच डोक्यावर गेला, पुशरॉड राहिल्या नाहीत. इथले सांगणे त्या गाडीला लावू नये.)

चाक आले म्हणून काळजी संपली नाही. रोलरच्या आत सुईसारख्या बारीक दांड्या असतात. त्यांवर तो फिरतो. तेलात कचकच आली, किंवा तेल पोचले नाही, की त्या दांड्या खराब होतात. रोलर अडतो. अडलेले चाक फरफटते आणि टेंगूळ खरवडते. लोखंडाचा कीस तेलात उतरतो आणि तेलाबरोबर सगळ्या इंजिनात हिंडतो. दूधवाल्याची गाडी अशी खोलून पडली, तर खर्च कॅमचा, टॅपेटचा आणि मजुरीचा होतोच. शिवाय दूध काही थांबत नाही.

म्हणून टकटक नीट ऐका. सकाळी पहिल्या किकला थोडी टकटक झाली आणि लगेच थांबली, तर घाबरू नका. रात्रभरात टॅपेटमधले तेल खाली उतरलेले असते, ते पुन्हा भरते. तेवढा वेळ गाडी रेस करू नका. पण इंजिन गरम झाल्यावरही आवाज राहिला, तर आधी तेल पाहा. गाडी सपाट जागी सरळ उभी करा. तिरक्या स्टँडवर तेलाची पातळी खोटी दिसते. कमी असेल तर तेच तेल घाला. या इंजिनाला पंधरा डब्ल्यू पन्नास नंबरचे तेल सांगितले आहे. मात्र "घाला थोडं जास्तच" असे करू नका. फार तेल घुसळून फेसाळते. फेसात हवा असते. हवा दबते, मग टॅपेट लिबलिबीत होते आणि पुन्हा टकटक सुरू.

तेल बदलण्याची मुदत गाडीच्या पुस्तिकेत छापलेली असते. आता वाचता येते, तेव्हा ती स्वतः वाचा. उसाच्या हंगामात वाटांवर फुफाटा उडतो. तेव्हा हवेचा फिल्टर वरचेवर पाहा, कारण आत गेलेली धूळ शेवटी तेलात उतरते. तेल सीलबंद डब्यातलेच घ्या. बदलताना तेलाचा फिल्टरही बदला. जुने तेल उन्हात धरून पाहा आणि त्यात चुंबक फिरवा. राखेसारखी बारीक पूड लागली तर ती नेहमीची झीज. चकाकणारे, बोटाला टोचणारे कण लागले तर गाडी पुढे चालवू नका.

इंजिन खोलायची वेळ आली तर शेजारी बसा. जे टॅपेट ज्या भोकातून निघाले, ते त्याच भोकात परत गेले पाहिजे. खूण करून ठेवायला सांगा. रोलर बोटाने फिरवून पाहा. तो गुळगुळीत फिरावा, खडखडू नये. टेंगळावरून नख फिरवा. नख अडले तर कॅम आणि टॅपेट दोन्ही बदलावे लागतील. सपाट टॅपेटने फिरायला हवे, पण रोलरचे टॅपेट आडवे वळता कामा नये. वळले तर चाकाची कड टेंगूळ कापते. बसवताना रोलरला तेल लावा. आणि सगळे जुळले की लगेच किक मारू नका. नव्या टॅपेटमध्ये जादा तेल भरलेले असेल तर वाल उघडाच राहतो, सळई वाकू शकते. इंजिन हाताने हळूहळू फिरवा, थोडा वेळ जाऊ द्या. जादा तेल उतरले, वाल पुरते मिटू लागले, की मग किक मारा.