कामगार संघटना आणि मालकाची मर्यादा

आपल्या दादरा व नगरहवेलीत पिपरिया, मसाट व खडोली येथे औद्योगिक वसाहती आहेत. आपल्यापैकी कित्येकांच्या घरची माणसे अशा ठिकाणी काम करतात. उद्या त्यांनी संघटना स्थापण्याचे ठरविले, तर मालकाने कसे वागावे? याविषयी कायद्याने ज्या मर्यादा घालून दिल्या आहेत, त्यांची ओळख विद्यार्थ्यांना असणे अगत्याचे आहे.

या मर्यादा सहजासहजी लाभलेल्या नाहीत. १९१८ साली मद्रासच्या गिरणी कामगारांनी बी. पी. वाडिया यांच्या नेतृत्वाखाली संघटना स्थापिली. पुढे तेथील गिरणी मालकांनी पुढाऱ्यांवर दावा लावला आणि मद्रास हायकोर्टाने मनाईहुकूम दिला. कामगारांना करार मोडण्यास चिथावले, असा आरोप होता. तेव्हा १९२१ मध्ये नारायण मल्हार जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात ठराव मांडून संघटनांसाठी संरक्षण मागितले. त्याची परिणती १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात झाली.

त्या कायद्याने संघटनेला कोर्टातील दाव्यांपासून अभय मिळाले. परंतु कारखान्याच्या आत कामगारावर येणारे दडपण तसेच राहिले. महाराष्ट्राने १९७१ च्या कायद्याने ‘अनुचित कामगार प्रथा’ नमूद करून त्यांना बंदी केली. तो कायदा महाराष्ट्रापुरताच असल्याने सिल्वासास लागू नाही. येथे केंद्राचा कायदा चालतो. त्यात अशीच यादी १९८४ पासून अमलात आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तिची जागा औद्योगिक संबंध संहिता, २०२० हिच्या दुसऱ्या परिशिष्टाने घेतली आहे.

या यादीनुसार, ‘संघटनेत गेलास तर कामावरून काढीन’ असा धाक मालकाला घालता येत नाही. ‘संघटना झाली तर कारखान्यास टाळे ठोकीन’ असेही धमकावता येत नाही. संघटनेत गेल्याबद्दल बडतर्फ करणे, आकसाने बदली करणे, स्वतःच्या मर्जीतली संघटना उभी करणे, हेही निषिद्ध आहे.

एक नियम मात्र प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. संघटना आकार घेत असता, तिचा प्रयत्न हाणून पाडण्याच्या हेतूने पगारवाढ देणे, हीसुद्धा अनुचित प्रथाच होय. पगारवाढ कोणाला नको असते? परंतु जी वाढ आज केवळ संघटना मोडण्यासाठी मिळते, ती संघटना मोडल्यावर टिकेलच, याची हमी कोण देणार? धाक असो वा आमिष, कामगाराचा स्वतंत्र निर्णय दोहोंमुळे हिरावला जातो. अर्थात आधीच ठरलेली वार्षिक वाढ दिल्यास दोष लागत नाही. हेतू आणि वेळ पाहिली जाते.

कायद्याचा हा काटा एकाच बाजूला झुकलेला नाही. कोणाला बळजबरीने सभासद करणे, मालकाला घेराव घालणे, या गोष्टी कामगारांकडून घडल्यास त्याही अनुचितच ठरतात.

विद्यार्थी मित्रहो, कारखान्याच्या फलकावरील सूचना आपल्या घरातील सर्वांनाच वाचता येत असतील असे नाही. अशी सूचना घरी आली, तर ती नीट वाचून दाखवा, तिची तारीख लिहून ठेवा आणि कागद जपून ठेवा. वाद उद्भवल्यास मालकाचा हेतू पारखण्यास अशा तारखाच उपयोगी पडतात. शिक्षणाचा लाभ घरच्या कष्टाळू माणसांना व्हावा, यापरते त्याचे दुसरे सार्थक कोणते?