वाळवंटातील समुद्रजीव

समुद्रातले प्राणी शोधायला कोणी वाळवंटात जाईल का? तुम्ही हसाल, पण लोक खरोखरच जातात. आफ्रिकेच्या वायव्येला मोरोक्को हा देश आहे. तेथे ॲटलास पर्वताच्या दक्षिणेस सहारा वाळवंट सुरू होते. ('सहरा' म्हणजे वाळवंट, हे तुम्हांला उर्दूतून ठाऊकच आहे. त्याच अरबी शब्दावरून हे नाव पडले.) या भागात अल्निफ नावाचे एक लहान गाव आहे. त्याच्या आसपासच्या डोंगरांत ट्रायलोबाइट या प्राण्याचे जीवाश्म सापडतात. जीवाश्म म्हणजे दगडात टिकून राहिलेले प्राचीन जीवांचे अवशेष.

ट्रायलोबाइट हा खेकडा, कोळंबी, विंचू यांच्या मोठ्या कुळातला प्राणी. त्याच्या पाठीचे उभे तीन भाग असत, म्हणून हे नाव. सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वी हे प्राणी समुद्रात दिसू लागले आणि सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी नाहीसे झाले. माणूस तर सोडाच, डायनोसॉरसुद्धा त्यानंतर आले! अल्निफजवळचे पुष्कळ ट्रायलोबाइट सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. तेव्हा तेथे उथळ समुद्र होता. मेलेले प्राणी आणि त्यांनी टाकलेल्या कवचाच्या काती चिखलात गाडल्या गेल्या. त्या चिखलाचा चुनखडक झाला. पुढे जमीन वर उचलली गेली. आज तेथे माती नाही, झाडी नाही. त्यामुळे खडकांचे थर उघडे दिसतात.

ही सफर एका दिवसाची. मात्र पहाटेच निघावे, कारण दुपारी दगडाला हात लावता येत नाही. सोबत भरपूर पाणी हवे. डोंगराच्या उतारावर तुम्हांला लांबच लांब चर दिसतील. तेथील कामगार पहार, हातोडा आणि छिन्नी घेऊन खडकाचा एकच पातळ थर शोधत पुढे जातात. दगड फोडला की अख्खा प्राणी दिसेल, असे तुम्हांला वाटेल. तसे होत नाही. फुटलेल्या बाजूवर फक्त एक बारीक, काळसर, वाकडी रेघ दिसते. तीच ट्रायलोबाइटची खूण! नवशिक्याच्या नजरेतून ती हमखास सुटते.

मग दोन्ही तुकडे जपून गावात आणतात आणि चिकटवतात. कारागीर भिंगातून पाहत सुईने व बारीक यंत्राने भोवतालचा दगड कणाकणाने काढतो. काट्यांचा ट्रायलोबाइट असेल, तर या कामाला कित्येक दिवस लागतात. पण मग काय दिसते! काहींच्या डोळ्यांतली भिंगेसुद्धा मोजता येतात. ती कॅल्साइट या खनिजाची होती, म्हणून टिकली. काही प्राणी अंगाची गुंडाळी केलेले सापडतात. पावसाळ्यात वाणी किड्याला काडी लावा, तोही असेच वेटोळे करतो.

बाजारात नकली ट्रायलोबाइटही पुष्कळ मिळतात. कोणी ते साच्यात ओततात, कोणी निरनिराळे तुकडे जोडून एक प्राणी बनवतात. विकत घेणारा फसतो, अभ्यास करणाऱ्याचीही दिशाभूल होते. ओळखायचे कसे? खरा जीवाश्म दगड फोडूनच सापडलेला असतो, म्हणून बहुधा त्यातून एक जोडाची रेघ गेलेली असते. नवखा ग्राहक ती पाहून तोंड वाकडे करतो आणि गुळगुळीत नकली वस्तू घेऊन जातो! उन्हात चर खणणाऱ्याच्या हाती मात्र थोडेच पैसे पडतात. तोच दगड परदेशात कितीतरी अधिक किमतीला विकला जातो.

हे वाचून तुम्ही हातोडा घेऊन सह्याद्रीवर निघू नका, बरे का! आपला काळा दगड सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. तोपर्यंत ट्रायलोबाइट केव्हाच संपले होते. भारतात ते हवे असतील, तर हिमाचल प्रदेशातील स्पितीकडे जावे लागेल. तेथील उंच, कोरड्या डोंगरांत सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीचे ट्रायलोबाइट सापडले आहेत.