एकच रोग, दोन ताटं

तंजावूरच्या राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात ४० हजारांवर हस्तलिखितं आहेत. त्यांत सरफोजी राजांच्या (१७९८–१८३२) मुदपाकखान्यातलं ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ आहे आणि त्यांच्याच धन्वंतरी महालातलं वैद्यकही. तिथले औषधी योग तमिळ पद्यात बांधून ठेवलेले होते. ग्रंथालयाने ते पुढे रोगवार छापले, तेव्हा मधुमेहाला स्वतंत्र भाग मिळाला. चूल आणि औषधाचा खल यांच्यात या राजवाड्याने फार अंतर ठेवलं नाही!

हा वारसा सरफोजींच्याही आधीचा. तंजावूरचे आधीचे राजे एकोजी यांची राणी दीपाबाई हिच्या आश्रयाला रघुनाथ पंडित नवहस्ते होते. १७व्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात जिलबीची कृती आहे: नव्या मडक्यात बारीक गव्हाचं पीठ, आंबट दही आणि तूप कालवायचं, आंबेपर्यंत उन्हात ठेवायचं, मग भोकाच्या भांड्यातून कढत तुपात वेटोळी सोडायची आणि तळून पाकात टाकायची. तोंडाला पाणी सुटावं असं हे वर्णन, पण त्याच ग्रंथात धान्यांचे आणि भाज्यांचे गुणदोषही सांगितलेले आहेत. कुणाला काय पचेल, कुणाला काय बाधेल, हे पाकशास्त्राच्याच पोटात.

मला सगळ्यात थक्क करते ती याहून कितीतरी जुनी सुश्रुतसंहिता. प्रमेहाचे, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या विकाराचे, रोगी दोन प्रकारचे, असं ती सांगते. एक जन्मजात, कृश, थोडं खाणारा, सतत तहानलेला. दुसरा अपथ्यामुळे झालेला, स्थूल, खादाड, बसून-झोपून राहणारा. नाव एकच, आणि पथ्य मात्र उलटं: पहिल्याला खाऊपिऊ घालून सावरायचं, दुसऱ्याला उतरवायचं. कृश माणसाने स्थूलाचं पथ्य पाळलं, तर तो आणखीच खंगायचा.

हाच भेद प्रयोगात दिसायला १९३६ उजाडावं लागलं. लंडनच्या हॅरोल्ड हिम्सवर्थ यांनी मधुमेह्यांना ग्लुकोज आणि इन्सुलिन एकाच वेळी दिलं. काहींची साखर आटोक्यात राहिली, काहींची चढतच गेली. पहिल्यांच्या शरीराला इन्सुलिन कळत होतं, दुसऱ्यांचं शरीर त्याला फारशी दाद देत नव्हतं.

म्हणूनच ‘शेजारच्या काकांना उपास लागू पडला’ हे ऐकलं की मला धास्ती वाटते. इन्सुलिन घेणाऱ्याने डोस तसाच ठेवून जेवण चुकवलं, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. कावेरीकाठचं ताट भाताचं. तो सोडा म्हणणं सोपं. पण जाणता आहारतज्ज्ञ आधी विचारतो: तांदूळ कच्चा की उकडा, वाढ किती, सोबत डाळ-भाजी किती, गोळी कोणती आणि कधी? उकडताना तांदळातला स्टार्च फुगतो आणि गार होताना त्याचा काही भाग पुन्हा घट्ट बांधला जातो, म्हणून उकड्या तांदळाच्या भाताने साखर बहुधा जरा सावकाश चढते.

आणि मूत्रपिंडं थकली की हिशोब पुन्हा बदलतो. रक्तदाबासाठी काल चांगलं ठरलेलं शहाळं आज पोटॅशियममुळे हृदयाला घातक होऊ शकतं. त्यामुळे रक्ताचा नवा अहवाल आला की आहाराचा जुना कागद बाजूला ठेवून नवा लिहून घ्यावा लागतो.