वायरमनचा ‘पॉइंट’ म्हणजे नेमकं काय?

आजच्या भागात बोलूया घरच्या लाइटच्या कामाबद्दल. नवीन फ्लॅट घेतला किंवा जुन्या घराचं वायरिंग बदलायचं ठरवलं, की दोन-तीन वायरमनना विचारलं जातं, “पॉइंटला काय घेता?” ज्याचा आकडा कमी, त्याला काम. पण थांबा, इथेच गडबड होते.

पॉइंट म्हणजे साधारणपणे स्विचबोर्डपासून दिव्यापर्यंत किंवा पंख्यापर्यंतची वायर आणि त्याचा स्विच. पण डीबीपासून बोर्डपर्यंतची मेन वायर त्यात धरायची का? भिंतीला खाच मारायची मजुरी? बोर्डवरचा सॉकेट पूर्ण पॉइंट की अर्धा? याचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं असतं.

एक उदाहरण घेऊ, आकडे फक्त गणितासाठी. घरात ४० पॉइंट आहेत. पहिला म्हणतो २५० रुपये, दुसरा म्हणतो ३००. म्हणजे १०,००० विरुद्ध १२,०००. पहिला स्वस्त वाटतो ना? पण त्याने डीबी बसवायचे १,५०० आणि मेन वायर ओढायचे २,००० वेगळे लावले, तर बिल गेलं १३,५०० वर. दुसऱ्याच्या दरात हे सगळं आधीच धरलेलं होतं!

दर ठरवताना वायरमन आणखी काय बघतो? भिंत कशी आहे, ते. पुण्यात पेठेतल्या जुन्या वाड्याची जाड भिंत आणि वाकडच्या नव्या फ्लॅटमध्ये आधीच टाकलेला पाइप, यात मेहनतीचा फरक मोठा. वरून पट्टी मारून केलेलं फिटिंग कन्सील्डपेक्षा स्वस्त पडतं, कारण तोडफोड नाही. गणपती-दिवाळीच्या आधी कामांची गर्दी असते, तेव्हा घासाघीस फारशी चालत नाही.

आणि तो नेहमीचा प्रश्न: “दहा मिनिटांच्या कामाचे एवढे पैसे?” अहो, दहा मिनिटं तुमच्या घरातली. येण्या-जाण्याचा वेळ, पेट्रोल, शिडी, ड्रिल मशीन, शिवाय फॉल्ट नेमका कुठे आहे हे ओळखायचा अनुभव, हे सगळं त्यातच आलं. म्हणून छोट्या कामालाही कमीत कमी ठरावीक रक्कम असते. अर्बन कंपनीसारख्या ॲपवर दर आधीच दिसतो. त्यावरून अंदाज येतो, पण तुमची भिंत ॲपला दिसत नाही.

आता खरा मुद्दा. दर फारच पाडला, तर तो भरून कुठून निघतो? बारीक वायरमधून, नाहीतर अर्थिंगमधून. २,००० वॉटचा गीझर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर करंट घेतो. त्याला साधारण २.५ चौरस मिमी किंवा त्याहून जाड तांब्याची वायर टाकतात. लाइटची बारीक वायर तिथे वापरली तर ती तापते. अर्थिंग जोडलंच नाही, तर गीझरच्या बॉडीत करंट उतरूनही कळत नाही. कळतं ते हात लागल्यावर.

म्हणून काम अंगावर देण्याआधी पाच गोष्टी कागदावर किंवा व्हॉट्सॲपवर लिहून घ्या:

१. पॉइंटमध्ये काय-काय धरलंय?
२. दर फक्त मजुरीचा की मटेरियलसकट?
३. कुठे किती जाडीची वायर, कोणत्या कंपनीची?
४. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आहे ना?
५. नंतर काही बिघडलं तर किती दिवस फुकट बघणार?

मटेरियल तुम्ही आणणार असाल तर यादी वायरमनकडून घ्या आणि दुकानाचं पक्कं बिल मागा. काही दुकानदार वायरमनला कमिशन देतात, म्हणून भाव दोन दुकानांत विचारा. वायरमनकडे परवाना आहे का, तेही विचारा. नवीन कनेक्शनसाठी महावितरण परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट मागतं, तेव्हा हे कामाला येतं.

भाव जरूर करा मंडळी, पण मजुरीवर करा, अर्थिंगवर नको. ज्या मित्राचं घराचं काम निघालंय, त्याला हा भाग नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!