प्रशिक्षणाची परीक्षा बाळंतिणीच्या दारी

औराद-भालकीकडे आशाताईंचे पुस्तक कन्नड, पण कित्येक घरांत बाळंतिणीशी बोलायचे ते मराठीत. मग प्रशिक्षण किती उतरले, हे हजेरीपटावरून कसे कळावे?

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी निराळे माप लावले. गावातल्याच बायकांना नवजात बाळाचे श्वास मोजायला, जंतुसंसर्ग ओळखायला शिकवले. मग ३९ गावांतले बालमृत्यू दुसऱ्या ४७ गावांशी ताडून पाहिले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर तुलनेने ६२ टक्क्यांनी उतरला होता. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापले. (पेपरातले गुण कुणी विचारले नाहीत!)

आपल्याकडेही परीक्षकाने एकदा बाळंतिणीच्याच दारी जावे आणि विचारावे, “बाई, बाळ दूध ओढेनासे झाले तर काय करायचे, ताईंनी काय सांगितलेय?”