गाव, शहर, महानगर (लेखांक ५) : भुसावळ मागे का राहिलं?

१९०१च्या शिरगणतीत जळगाव आणि भुसावळ जवळपास बरोबरीची होती. दोन्हीकडे सोळा हजारांवर वस्ती. २०११च्या जनगणनेत जळगाव ४ लाख ६० हजारांवर पोचलं, भुसावळ १ लाख ८७ हजारांवर थांबलं. जळगावची महानगरपालिका २१ मार्च २००३ रोजी झाली आणि त्याच वर्षी धुळ्याचीही. भुसावळला आजही नगरपरिषदच आहे.

आपल्या रावेरकडच्या माणसाला हे चटकन पटत नाही. खंडव्याकडून येणारी गाडी भुसावळात शिरू लागली की रुळांचं जाळं पसरत जातं; यार्ड, इंजिनांचा कारखाना, क्वार्टर्सच्या रांगा संपता संपत नाहीत. रावेर, निंभोरा, सावद्याला भरलेली केळी दिल्लीला निघते तीही रेल्वेच्याच जिवावर. जळगावात असं काही एका नजरेत दिसत नाही. मग महानगराचा शिक्का तिथे कसा बसला?

मागच्या लेखांकात नगरपरिषदांचे अ, ब, क वर्ग पाहिले. महानगरपालिकेसाठी कायद्याची मुख्य अट ३ लाख लोकसंख्येची. शिवाय शेतीबाहेरच्या रोजगाराचं प्रमाण पाहिलं जातं. २००१ला जळगाव ३ लाख ६८ हजारांवर होतं, म्हणजे अट पुरी झाली. रोजगाराच्या अटीत भुसावळ कधीच कमी पडलं नसतं. ते अडतं माणसांच्या आकड्यावर.

आकडा का वाढला नाही, याचं एक कारण सगळे सांगतात. १९०६ साली खानदेशचे दोन जिल्हे झाले आणि पूर्व खानदेशचं ठाणं जळगावला आलं. कचेरी आली की कोर्ट येतं, वकील येतात, त्यांच्यामागे शाळा-कॉलेजं येतात. हे खरंच आहे, पण तेवढ्यावर माझं समाधान होत नाही. जळगावची घडी त्याआधीच बसू लागली होती. अमेरिकेतल्या यादवीच्या काळात, १८६२ ते ६५, तिथला कापूस बंद पडला आणि जळगावचा कापूसबाजार तेजीत आला. नगरपालिका १८६४चीच, भुसावळची १८८२ची. पुढे कापडगिरणी, मग डाळमिल, अजिंठा रस्त्यावरची एमआयडीसी, प्लास्टिकच्या चटया, पीव्हीसी पाइप. यातला बराचसा पैसा इथल्याच शेठजींचा होता. एकाचा धंदा चालला की दुसरा शेजारी गाळा घ्यायचा. १९९९मध्ये नगरपालिकांची जकात बंद होईपर्यंत नाक्यावरून येणारा माल पालिकेच्या तिजोरीत भर टाकत होता.

भुसावळचे मालक मात्र दूरचे. रेल्वे मुंबईहून चालणार, १९४९चा आयुध निर्माणी कारखाना संरक्षण खात्याचा, दीपनगरचं वीजकेंद्र राज्याच्या वीज कंपनीचं आणि तेही शहराबाहेर. शहराला याहून जास्त जाचते ती राज्यघटनेतली एक तरतूद. कलम २८५नुसार केंद्र सरकारच्या मालमत्तेवर राज्याला किंवा स्थानिक संस्थेला कर लावता येत नाही. पालिकेने फार तर सेवाशुल्क मागायचं, तेही वाटाघाटी करून. म्हणजे गावातली सगळ्यात मोठी जागा घरपट्टीच्या बाहेर, आणि त्या जागेत काम करणारी माणसं बाजारात, रस्त्यावर, दवाखान्यात गावाचीच. शिवाय क्वार्टर्समधली माणसं बदलीची. निवृत्तीनंतर कुणी गावी परततं, कुणी पुण्या-नाशिकला मुलांकडे जातं. अशा वस्तीत पिढ्यान्‌पिढ्यांचं भांडवल साठत नाही.

शहराचा दर्जा माणसांच्या आकड्यावरच ठरावा असं काही नाही; फिलिपीन्समध्ये हिशेब वेगळा आहे. तिथे नगराचं शहर व्हायचं तर मुख्य कसोटी उत्पन्नाची. २००१च्या कायद्याने ती वर्षाला १० कोटी पेसोंवर नेली. मग संसदेचा स्वतंत्र कायदा, आणि शेवटी तिथल्या मतदारांचा कौल. मनिलाच्या दक्षिणेचं सान्ता रोसा, जिथे टोयोटाचा कारखाना आहे, ते २००४ साली असं मतदानाने शहर झालं. धडपडीमागे पैसाही आहेच: केंद्रीय करातून स्थानिक संस्थांना मिळणाऱ्या वाट्यापैकी २३ टक्के शहरांना आणि ३४ टक्के नगरांना जातात. पण नगरं खंडीभर आणि शहरं मोजकी, त्यामुळे शहराच्या पानात जास्त पडतं.

आपल्याकडे सरकार मसुदा काढतं, हरकती-सूचना मागवतं आणि अधिसूचना काढून मोकळं होतं. मतपेटी कुठेच नाही. घरपट्टी वाढणार ती ज्याची, त्याने ठरावीक मुदतीत अर्ज लिहायचा, एवढाच त्याचा वाटा. सान्ता रोसाची पद्धत मला जास्त रास्त वाटते. ती भुसावळला लावली तर मात्र लोकसंख्येऐवजी उत्पन्नावर घोडं अडेल, कारण ज्यांच्याकडे उत्पन्न आहे ते पालिकेच्या खात्यात येतच नाहीत.

पुढच्या लेखांकात वरणगाव : आयुध निर्माणीच्या सावलीत वाढलेली ग्रामपंचायत नगरपरिषद झाल्यावर कोणाच्या पट्टीत काय फरक पडला.